बोलायचं ते उंबऱ्याबाहेर

किशोरी बोलायला लागली की समोरच्यानं आपलं काम उरकून घ्यावं, असं तिच्या माहेरी करंज्याला सगळे म्हणायचे. मधे थांबेल आणि आपल्यालाही दोन शब्द बोलू देईल, अशी आशा कोणी धरतच नसे. आई जनी उरणच्या बाजारात मासळी घेऊन बसायची आणि शाळा सुटली की ही तिच्या शेजारी. गिऱ्हाईक पापलेट उलटंपालटं करून नाक मुरडेपर्यंत ही पोरगी त्याच्या घरी जेवायला माणसं किती, सून कुठली, तिला कालवण जमतं की नाही, इथपर्यंत पोचलेली असे. गिऱ्हाईक हसायचं आणि पापलेट घेऊन जायचं. जनी आजूबाजूच्या बायांना सांगायची, "मासली नाय खपत गो, हिचं तोंड खपतंय."

अशी ही बाई पुढे लग्न होऊन, पोर मोठी झाल्यावर, कामोठ्यातल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दोन वर्षं जवळजवळ मुकी होऊन राहिली, हे करंज्यात सांगितलं तर कोणाला खरं वाटायचं नाही. तिला कोणी मारलं नाही, कोंडलं नाही, माहेर तोडलं नाही. तिच्या घरात इंग्रजी सुरू झालं, एवढंच.

इंग्रजी आणलं शैलेशनं, तिच्या नवऱ्यानं. माणूस वाईट नाही हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून लोक भलतंच समजतील. त्याचा बाप काशिराम खाडीत होडी घालायचा. शैलेश घरातला पहिला पदवीधर. न्हावा शेव्याला कंटेनरची कागदपत्रं बघणाऱ्या एका कंपनीत तो लागला आणि तिथे त्याच्या कामात कोणी बोट दाखवू शकलं नाही. इंग्रजी पत्रं तर अशी नेटकी लिहायचा की साहेब स्वतःच्या नावानं तीच पुढे पाठवायचा. पण एक दिवस परदेशातल्या पार्टीबरोबर मोठ्या पडद्यावर मीटिंग झाली आणि साहेबानं शैलेशला पुढे बसवलं. अडकलेल्या दोन कंटेनरपैकी आधी कोणता सोडवायचा, एवढंच पलीकडच्या बाईनं विचारलं. उत्तर शैलेशला पाठ होतं, पण जीभ टाळ्याला चिकटली. "येस मॅडम," तो म्हणाला. बाईनं पुन्हा विचारलं. हा पुन्हा म्हणाला, "येस मॅडम." शेवटी ऑफिसात नव्यानं लागलेल्या एका पोरानं पुढे सरकून उत्तर दिलं. तेव्हापासून तसल्या मीटिंगा तो पोरगा करतो आणि त्याला लागणारी सगळी माहिती शैलेश काढून देतो.

घरी त्यानं हे बरेच दिवस सांगितलं नाही. मग एका रविवारी किशोरी सुके बोंबील निवडत बसली होती, तेव्हा तिच्यासमोर येऊन बसला आणि सगळं सांगितलं. सांगताना तिच्याकडे बघत नव्हता. शेवटी म्हणाला, "माझं व्हायचं ते झालं. आपल्या पोरीचं, मितालीचं, असं होऊ देणार नाही." किशोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्यासाठी त्या दिवशी तिनं काहीही केलं असतं.

आणि काहीही करायची वेळ आलीच. शैलेश मोबाइलवर इंग्रजी शिकवणाऱ्यांचे व्हिडिओ बघायला लागला. टाय लावलेला एक हसरा माणूस त्याला भारी पटला. त्या माणसाचं म्हणणं असं, की डोक्यात भाषांतर करत बसाल तर जन्मात इंग्रजी येणार नाही. घराचंच इंग्लंड करा. लहान मूल भाषा शिकतं तसं शिका. मिताली तेव्हा नववीत जाणार होती. सुट्टी लागली आणि शैलेशनं जाहीर केलं, की आजपासून घरात इंग्रजीशिवाय एक शब्द बोलायचा नाही. कोणीच नाही, तोसुद्धा नाही.

"आनि मना येत नाय त्याचं काय?" किशोरी म्हणाली.

"येईल. शिकशील."

"आन माजी गिऱ्हाइकं? फोनवर त्यांना इंग्रजीत जवला इकू?" किशोरी करंज्याहून आलेली सुकी मासळी कॉलनीत विकते, ऑर्डरी फोनवर येतात.

शैलेशनं थोडा विचार केला. न्यायी माणूस, त्यामुळे तोड काढली. घर म्हणजे दाराच्या उंबऱ्याच्या आतलं. बाहेर कोणी काय बोलायचं ते बोला. किशोरीला वाटलं, सौदा बरा झाला.

मग घरभर चिठ्ठ्या लागल्या. फ्रिजवर फ्रिज, भिंतीवर वॉल, पोळपाटाला काय म्हणायचं ते न कळल्यामुळे त्यावर नुसतंच प्रश्नचिन्ह. सकाळी शैलेश आरशासमोर उभा राहून दाढी करता करता पेपर मोठ्यानं वाचायचा. जेवताना प्रत्येकानं पाच नवे शब्द सांगायचे. चुकलं की शैलेश तिथेच थांबवायचा, बरोबर करून द्यायचा आणि पुन्हा म्हणायला लावायचा. किशोरीला त्यानं रोजची वाक्यं मोबाइलमध्ये बोलून दिली आणि भांडी घासताना ऐकायला सांगितली. तिनं ऐकली, मनापासून ऐकली. फूड इज रेडी. वॉश युअर हँड्स. डू युअर होमवर्क. स्विच ऑफ द फॅन. टेक युअर टिफिन.

घोडं इथेच अडलं. ती वाक्यं तिला चोख यायला लागली, पण त्यांच्यापुढे काही येईना. तिनं कधीतरी स्वतःचं काही जुळवून बोलायला तोंड उघडावं, "टुडे आय गो मार्केट, देन वन लेडी," तर शैलेश हात वर करून म्हणायचा, "वेंट. आय वेंट टू द मार्केट." ती ते नीट म्हणायची. तोवर बाजारातल्या त्या बाईनं काय केलं ते सांगायची हौस निघून गेलेली असायची. हळूहळू तिनं कानाला खडा लावला. घरात कामापुरतं बोलायचं आणि गप्प बसायचं. तुम्ही करून बघा एकदा. हौस म्हणून तासभर नाही, आठवडाभर. भाजीत मीठ का कमी पडलं ते सांगता येत नाही, डोकं का दुखतंय ते सांगता येत नाही, आणि भांडता तर मुळीच येत नाही. शैलेश कौतुकानं म्हणायचा, "सी, नो फाइटिंग नाऊ." किशोरीला त्याच्या डोक्यात उलथनं घालावंसं वाटायचं. पण तेही कोणत्या शब्दांत सांगणार?

मग ती दाराबाहेर राहायला लागली. म्हणजे झोपायला आत आणि जगायला बाहेर. चपलांच्या कपाटाशेजारी प्लॅस्टिकचा एक स्टूल आणून ठेवला. मासळीच्या ऑर्डरी तिथे घ्यायच्या, भाजी तिथे निवडायची. आईचा फोन आला की जेवणावरून उठून बाहेर पळायचं. जनीला पलीकडून दार आपटल्याचा आवाज आला की ती विचारायची, "काय गो बाय, घरात बोलू नाय देत का तुला? तोंड शिवलंय का कोनी तुजं?" किशोरी म्हणायची, नाय गो आये, आत रेंज नाय येत. घरातली गोष्ट माहेरी कशाला?

समोरच्या फ्लॅटमध्ये अरुंधतीबाई राहतात. पनवेलच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं आणि आता निवृत्त होऊन मालिका बघतात. सुरुवातीला त्या सुक्या मासळीच्या वासावरून दार लावून घ्यायच्या. नंतर दार उघडं ठेवून खुर्ची टाकून बसायला लागल्या, कारण किशोरी सांगायची ते मालिकेपेक्षा बरं असायचं. घरात साचलेलं सगळं तिथे बाहेर पडायचं. मिनिटात कोणाच्यातरी नकला, मिनिटात करंज्याची एखादी जुनी भानगड. दोघी इतक्या हसायच्या की चौथ्या मजल्यावरचे लोक जिन्यात थांबून ऐकायचे.

एकदा अरुंधतीबाईंनी तिला मोबाइल कानाला लावून वाक्यं घोकताना बघितलं.

"हे काय चाललंय?"

"इंग्रजी."

"हे इंग्रजी नाही, हे रेल्वेतली अनाउन्समेंट आहे. तुला कोणाला पंखा बंद करायला सांगायची हौस आहे का?"

"नाय."

"मग ते कशाला शिकतेस? काल त्या मुकादमाची गंमत सांगितलीस ना, ती सांग इंग्रजीत. मोडकंतोडकं सांग. मी मधे बोलणार नाही."

किशोरीनं सांगितली. सगळ्या क्रियापदांचा खिमा झाला, निम्मे शब्द मराठी आले, पण अरुंधतीबाई बरोबर हसायच्या जागी हसल्या. मग त्यांनी तिला मुलांची गोष्टींची पुस्तकं दिली. रोज थोडं वाच, पण मोठ्यानं वाच. अडलेला शब्द सोडून पुढे जा, तो पुन्हा भेटतो. झोपायच्या आधी दिवसभरातलं एक काहीतरी मनातल्या मनात इंग्रजीत सांग. आणि जे सांगायची खाज आहे तेच सांगत जा, म्हणजे शब्द टिकतात. दुपारच्या वेळी दोघींचा हा क्लास जिन्यात चालायचा. काही महिन्यांत किशोरी बऱ्यापैकी बोलायला लागली, पण जिन्यातच. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की नवऱ्याचा वर होणारा हात डोळ्यांपुढे यायचा आणि तोंडातून निघायचं, फूड इज रेडी.

अरुंधतीबाईंनी शैलेशलाही जिन्यात गाठून सांगून पाहिलं, की मुलीनं रोज अर्धा तास मन लावून वाचलं, बोललं, तरी पुष्कळ आहे. दिवसभर घराची शाळा कशाला? शैलेश नम्रपणे म्हणाला, "मॅडम, तुमच्या मुलांनी पेपर लिहिले. मीपण लिहीत होतो. बोलायच्या वेळी काय झालं ते मला ठाऊक आहे." मितालीचं इंग्रजी तर खरंच सुधारत होतं. वर्गात उभी राहून बोलायची, बक्षिसं आणायची. औषध लागू पडतंय म्हटल्यावर बंद कोण करणार?

फक्त पोर घरात बोलेनाशी झाली. पूर्वी शाळेतून आली की ओट्याशी येऊन कोण कोणाशी कट्टी, कोणाची वेणी कोणी ओढली, सगळं भडाभडा सांगायची. आता यायची, हात धुवायची, "थँक्स, मॉम" म्हणून ताट घ्यायची आणि खोलीत जायची. दारातून किशोरी म्हणायची, "डू युअर होमवर्क." मिताली म्हणायची, "येस." किशोरी मनाची समजूत घालायची, की वाढत्या वयाची पोर आहे, या वयात पोरी गप्प होतातच. एकेकदा वाटायचं, पोरीला हाताला धरून स्टुलावर आणून बसवावं. पण मिताली पुस्तकात डोकं घालून बसलेली असायची, आणि अभ्यास करणाऱ्या पोरीला उठवायला किशोरीचं मन धजावायचं नाही.

दहावीची परीक्षा झाली आणि एका रविवारी तिघं जेवत असताना शैलेशनं विषय काढला. पुण्याच्या पलीकडे निवासी कॉलेज आहे. अकरावी, बारावी तिथेच. आवारात इंग्रजीशिवाय बोलायची बंदी. मितालीच्या ट्यूशनमधली विनिता गेल्या वर्षी तिथेच गेली. हॉस्टेल चांगलं आहे, जूनमध्ये जायचं. सोमवारी फोन करून जागा पक्की करायची. हे सगळं त्यानं इंग्रजीत सांगितलं, सावकाश, तयारी करून आल्यासारखं. किशोरीला शब्द न् शब्द कळला. आपलं इंग्रजी एवढं सुधारल्याचं तिला तेव्हाच समजलं आणि त्याचं तिला काडीचंही सुख झालं नाही.

"व्हॉट डू यू थिंक?" शैलेशनं विचारलं.

तिला किती काय काय बोलायचं होतं. एवढी लांब कशाला? माझ्याशी आधी कोणी बोललं? घरातली एकुलती एक पोर आहे, ती गेली तर या चिठ्ठ्या लावलेल्या भिंतींमध्ये मी कोणाचं तोंड बघू? तिला सुरुवात कुठून करावी कळेना. शैलेश वाट बघत होता. त्याचा उजवा हात ताटाच्या कडेला होता आणि किशोरीची नजर त्या हातावरून हलेना.

"ओके," ती म्हणाली. "गुड."

"ग्रेट," शैलेश म्हणाला. "एव्हरीबडी अॅग्रीज." आणि त्यानं भात मागितला. तिनं वाढला.

हात धुऊन ती दाराबाहेर गेली आणि तिथून त्याला हाक मारली. "अवो, जरा भाईर या. बोलायचंय."

शैलेश उंबऱ्यापर्यंत आला आणि आतच उभा राहिला. "टेल मी हिअर," तो म्हणाला. "यू कॅन डू इट. ट्राय." तो तिला प्रोत्साहन देत होता. चिडवत नव्हता, डिवचत नव्हता. पोहायला शिकवणारा बाप पोराला म्हणतो ना, मार उडी, मी आहे, तसाच त्याचा चेहरा होता. किशोरी दाराच्या एका बाजूला आणि तो दुसऱ्या बाजूला. समोर अरुंधतीबाईंच्या घरातून मालिकेचं संगीत येत होतं. तिनं मनात वाक्य जुळवलं. आय डोन्ट वॉन्ट मिताली टू गो. बरोबर होतं. बोट दाखवायला जागा नव्हती. बोलणार तेवढ्यात तिला एकदम इतका राग आला की कानशिलं तापली. माझ्या पोटची पोर मला घरात हवी आहे, हे सांगायला मी इंग्रजी शिकू? आणि चुकलं तर हा ते सुधारून देणार?

ती उंबरा ओलांडून आत आली, पार हॉलच्या मधोमध, आणि उरणच्या बाजारात लागायचा तो आवाज लागला.

"नाय पाटवायची मना पोरीला! आयकलं का? मना कोनी इचारलं? दोन वर्सं मी या घरात भिंतीसारखी उभी हाय. तुमी बोलता, मी मान हलवते. तुमच्या हापिसात तुमाला बोलता नाय आलं ते मना कलतं. आवो, माजं त्या दिवशी कालीज फाटलं तुमच्यासाटी. पन तुमचं तोंड एक दिवस बंद झालं म्हनून माजं रोज बंद केलं तुमी! ती हितंच शिकंल. पनवेलला कालेज नाय? खांदा कॉलनीत नाय? पोर माजी हाय, ती नाय जानार."

शैलेशचा हात वर होत होता तो अर्ध्यावर थांबला. समोरचं संगीत बंद झालं, म्हणजे अरुंधतीबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला होता. खोलीच्या दारात मिताली येऊन उभी राहिली होती.

"पप्पांनी नाही ठरवलं," मिताली म्हणाली. दोन वर्षांनी त्या घरात तिचा मराठी आवाज आला आणि तो वेगळाच होता, मोठ्या बाईचा. "मी सांगितलं त्यांना. मला जायचंय."

"तू?" किशोरीचा आवाज खाली आला. "कशाला?"

"विनिता सांगते, तिथं दिवसभर इंग्रजी असतं. पण खोलीत गेलं की कोणी विचारत नाही. सगळ्या मुली मराठीत गप्पा मारतात. ती म्हणते, कधी कधी हसून हसून पोट दुखतं."

शैलेश खुर्चीवर बसला.

"गप्पा मारायला तिकडं जायचं?" किशोरी म्हणाली. "मंग मी काय मेली हाय? माज्याशी बोलायचं ना."

"तू घरात कुठं असतेस?" मिताली म्हणाली. ती रडत नव्हती, अगदी हळू बोलत होती. "तू बाहेर असतेस. मी खोलीत अभ्यास करते ना, मला सगळं ऐकू येतं. तू मॅडमना किती काय काय सांगतेस. आजीच्या गोष्टी सांगतेस, नकला करतेस. मग दार उघडून आत येतेस आणि मला म्हणतेस, डू युअर होमवर्क. मी किती वेळा दारापर्यंत येऊन उभी राहिले. तुम्ही दोघी हसत होतात. मग परत गेले."

एवढे दिवस कोंडलेली आपणच आहोत असं किशोरी समजत होती. स्वतःपुरती वाट काढून ती मोकळी झाली आणि पोर आत राहिली. पोरीला हाताला धरून बाहेर आणायला कोणाचा नियम आड आला नव्हता. तिची तिलाच लाज वाटली, आणि ती लाज शैलेशवर ढकलता येईना.

मग शैलेशनं घसा साफ केला.

"मला वाटलं, आपण तिघं शिकतोय," तो म्हणाला. मराठीत. त्याचा स्वतःचा मराठी आवाज त्यालाच ओळखू येत नसावा. "बंद करू हे सगळं. आजपासून बंद. आणि कॉलेजचं तू सांग, किशोरी. तू म्हणशील तसं. नको म्हणालीस तर फोन करत नाही."

आता दार उघडं होतं. नको एवढंच म्हणायचं होतं, आणि तेही तिच्या भाषेत. घटकेपूर्वी तिनं ते सगळ्या बिल्डिंगला ऐकवलं होतं. मिताली तिच्याकडे बघत होती. पोरीच्या चेहऱ्यावर हट्ट नव्हता, रुसवा नव्हता. नाही म्हटलं असतं तर ती "ओके" म्हणाली असती आणि खोलीत गेली असती, हे किशोरीला लख्ख दिसलं. तो "ओके" कसा लागतो, ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

"जा बाय," किशोरी म्हणाली. "जा तू."

मिताली पळत येऊन तिला बिलगली. मग बोलायला लागली ती थांबेचना. विनिताच्या खोलीत चौघी असतात, एक कोल्हापूरची आहे ती झोपेत भांडते, मेसमधली आमटी म्हणजे नुसतं पाणी, पण शेजारच्या गावातून गुपचूप वडापाव येतो, आणि वॉर्डन आली की सगळ्या एकदम इंग्रजीत हवापाण्याबद्दल बोलायला लागतात. दोघी ओट्याला टेकून खाली बसल्या होत्या. शैलेश दारात उभा राहून ऐकत होता आणि एकदा मोठ्यानं हसलासुद्धा. किशोरी मधे मधे विचारत होती, मंग, पुढं काय झालं? पोर हात हलवून, डोळे मोठे करून सांगत होती, थेट करंज्याच्या पोरीसारखी. अशी ती जूनपर्यंत घरात होती.